वजनाला घाबरू नका: बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर निवडताना

वाचकाचे पत्र: "राजापूर तालुक्यात महामार्गालगत माझा पेट्रोल पंप आहे. रोजची रोकड बँकेत पोचवण्यासाठी मला किंवा माझ्या धाकट्या भावाला जावे लागते. मोटारसायकलवरून पाठलाग होण्याचे प्रकार घडले, त्यांची पोलिसांत नोंद आहे, आणि त्या आधारावर मला नुकताच स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाना मिळाला आहे. मला टिकाऊ आणि परवडणारे रिव्हॉल्व्हर घ्यायचे आहे. दीड लाखापर्यंत खर्च करू शकतो. कोणते घ्यावे? हलके चांगले की जड? ०.२२ बोअरचे स्वस्त पडते, ते चालेल का? शेजारच्या गावात एका कुटुंबाकडे त्यांच्या दिवंगत आजोबांचे जुने इंग्रजी बनावटीचे ०.३२ रिव्हॉल्व्हर आहे, ते कमी पैशांत द्यायला तयार आहेत. काडतुसे कोणती आणि किती घ्यावीत? आमच्याकडच्या खाऱ्या हवेत गंजाचे काय करावे? शस्त्र पंपावरच्या टेबलाच्या खणात ठेवले तर चालेल का?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात काडतुसांना एकच ओळ मिळाली आहे, पण मी सुरुवात तिथूनच करतो, कारण आपल्या देशात सामान्य परवानाधारकाने रिव्हॉल्व्हर निवडायचे म्हणजे आधी काडतूस निवडायचे आणि मग ते ज्यात चालते ते शस्त्र शोधायचे. ०.३८, ०.४५५ आणि ९ मिलिमीटर ही लष्कर व पोलिसांकडची बोअरची, म्हणजे नळीच्या व्यासाची, मापे प्रतिबंधित बोअर मानली जातात आणि आपल्या परवान्यावर ती मिळणार नाहीत. परदेशी हातशस्त्रांची सर्वसामान्यांसाठीची व्यापारी आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे बाजारात फिरणारी परदेशी शस्त्रे बहुतेक त्याआधीची असतात आणि त्यांची किंमत गुणवत्तेपेक्षा दुर्मीळपणावर ठरते. उरते ते मुख्यतः ०.३२, ज्याला दुकानदार बत्तीस बोअर म्हणतात, आणि त्याखालोखाल ०.२२. ज्या शस्त्राची काडतुसे पाच-दहा वर्षांनीही कोल्हापूर किंवा पुण्याच्या परवानाधारक दुकानात मिळतील, तेच शस्त्र टिकाऊ म्हणायचे. नळी उत्तम असूनही काडतूस मिळत नसेल तर ते शोभेचे लोखंड आहे.

बत्तीसमध्येही एक फसवा फाटा आहे आणि तो पैसे देण्याआधी समजून घ्यावा. रिव्हॉल्व्हरचे ०.३२ काडतूस म्हणजे स्मिथ अँड वेसन लाँग, ज्याच्या पेटीवर ७.६५ × २३ मिलिमीटर असेही माप असते. त्याच्या पुंगळीच्या (दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याच्या) बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कडा असते आणि त्या कडेवरच ते चक्राच्या, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या भागाच्या, घरात अडकून राहते. पिस्तुलाचे ०.३२ काडतूस वेगळे, ७.६५ × १७ मिलिमीटरचे. ते आखूड असते आणि इशापूर येथील रायफल फॅक्टरीच्या 'अशनी'सारख्या मॅगझीन (काडतुसे ठेवायची सरकती पेटी) असलेल्या पिस्तुलासाठी असते. त्यालाही बारीकशी कडा असल्यामुळे ते कधी कधी रिव्हॉल्व्हरच्या घरात बसल्यासारखे वाटते, पण ते त्यासाठी बनवलेले नाही आणि त्यात वापरू नये. तेव्हा दुकानात "बत्तीसची काडतुसे द्या" एवढेच न म्हणता पेटीवरचे माप स्वतः वाचावे आणि शस्त्राच्या नळीवर कोरलेल्या मापाशी ताडून पाहावे.

हे रिव्हॉल्व्हरचे बत्तीस काडतूस १८९६ मधले आहे. त्यात साधारण ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपासची, गोल टोकाची शिशाची गोळी असते आणि ती नळीतून सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आगेमागे वेगाने बाहेर पडते. त्यातून मिळणारी ऊर्जा दीडशे ते पावणेदोनशे ज्यूलच्या घरात जाते. पोलिसांच्या शस्त्रांशी तुलना केली तर हे कमीच आहे, आणि त्यामुळे अनेक परवानाधारक "जोरदार" काडतुसांच्या शोधात भलत्या माणसांकडे जातात. तसे करू नये. पोकळ टोकाची गोळी अधिक परिणाम करते असे ऐकून तिच्यासाठी दामदुप्पट मोजणारे लोक आहेत, परंतु आखूड नळीतून या कमी वेगाने निघालेली पोकळ गोळी बहुधा उमलतच नाही, म्हणजे जादा पैसे केवळ आकारासाठी गेले. या काडतुसाचा मोठा गुण त्याच्या सौम्यपणातच आहे: धक्का कमी, आवाज सुसह्य, नेम ठेवणे सोपे. आंतरराष्ट्रीय नेमबाजीतील २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल प्रकारात याच काडतुसाची सपाट टोकाच्या गोळीची आवृत्ती वापरली जाते, ती त्याच्या अचूकतेमुळे. स्वसंरक्षणासाठी नव्या, कारखान्याच्या बंद पेटीतल्या, साध्या शिशाच्या गोळीची काडतुसे घ्यावीत आणि सराव त्याच काडतुसांनी करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

ही काडतुसे आपल्या राज्याला परकी नाहीत. पुण्यातील खडकीचा दारूगोळा कारखाना नागरी वापराची काडतुसे दीर्घकाळ बनवत आला आहे. पुंगळीच्या बुडावर दिसणारी 'के एफ' ही अक्षरे त्याचीच खूण. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीकडे गेला आणि रिव्हॉल्व्हर बनवणारी कानपूरची स्मॉल आर्म्स फॅक्टरी अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कानपूरच्या कंपनीकडे गेली. नव्या पेट्यांवरची नावे त्यामुळे बदललेली दिसतील. गोंधळून जाऊ नये.

आता शस्त्र. आपल्यासमोरचा मुख्य पर्याय म्हणजे कानपूरचे सहा गोळ्यांचे ०.३२ रिव्हॉल्व्हर. त्याची मूळ रचना वेब्ले अँड स्कॉटच्या मार्क चार या इंग्रजी रिव्हॉल्व्हरवरून आलेली आहे: वरची कडी दाबली की नळी आणि चक्र पुढे वाकतात, आणि वाकतानाच ताऱ्याच्या आकाराचा उपसक सहाही पुंगळ्या एकदम वर उचलतो. पोलादी सांगाडा, तीन इंच नळी आणि सुमारे ७०० ग्रॅम वजन. दिसायला ते जुन्या वळणाचे आहे आणि त्याचा चाप जड आहे, याबद्दल कुरकूर ऐकू येते आणि ती खोटीही नाही. तरीही भाग मोजके, जाड आणि ओळखीचे असल्यामुळे जुन्या हाताचा कोणताही चांगला शस्त्रदुरुस्ती कारागीर ते उघडू शकतो, आणि माझ्या लेखी टिकाऊपणाचे निम्मे उत्तर हेच आहे.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने टायटॅनियम मिश्रधातूचे 'निर्भीक' आणले, सुमारे ५०० ग्रॅमचे, महिलांची पर्स डोळ्यांसमोर ठेवून. तेव्हाच त्याची किंमत करांसह १ लाख २२ हजारांच्या वर होती. आपण विचारता, हलके की जड. बाळगायला हलके बरे वाटते, यात शंका नाही, पण चाप जड असलेल्या शस्त्राचे वजनही कमी असले की चाप ओढताना संपूर्ण रिव्हॉल्व्हर बोटाबरोबर हलते आणि दहा पावलांवरची गोळीसुद्धा वीतभर बाजूला जाते. वजन धक्काही गिळते आणि हाताची थरथरही. आपण मोटारीतून जाणार आहात, दिवसभर पायी हिंडणार नाही. दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. पोलादी घ्या.

ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरने 'प्रबल' बाजारात आणले. तेही ०.३२ चेच, वजन सुमारे ७०० ग्रॅम, पण त्याचे चक्र बाजूला उघडते, नळी वाकत नाही. रचनेच्या दृष्टीने ही सुधारणा आहे, कारण वाकणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये बिजागरी आणि वरची कडी हेच आधी झिजणारे भाग असतात, आणि एकसंध सांगाड्यात ते नसतातच. जाहिरातीत त्याचा ५० मीटरचा पल्ला ठळकपणे सांगितला जातो. स्वसंरक्षणाच्या कायदेशीर चौकटीत ५० मीटरवर गोळी झाडण्याचा प्रसंग कोणता, हे मात्र मला उमगलेले नाही. पल्ल्यासाठी नव्हे, तर बाजूला उघडणाऱ्या चक्रासाठी ते पाहावे, आणि दुकानात दोन्ही हातात घेऊन रिकाम्या अवस्थेत चाप ओढून पाहावा. त्यात जो चाप आपल्या बोटाला समान, न अडखळता येतो, ते घ्यावे. किमतीत थोडासाच फरक असेल तर माझे मत 'प्रबल'कडे झुकते. फरक मोठा असेल तर जुन्या वळणाचे पोलादी रिव्हॉल्व्हर आपले काम चोख करील.

याशिवाय हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे वेब्ले अँड स्कॉटच्या नावाने खासगी कारखान्यात ०.३२ रिव्हॉल्व्हर बनू लागले. २०२० मध्ये ते आले तेव्हाच किंमत दीड लाखापलीकडे होती, म्हणून आपल्या मर्यादेत ते बसणे कठीण आहे. नावाच्या कौतुकापोटी दहा-वीस हजार अधिक मोजावेत असे मला वाटत नाही.

किमतींबद्दल आणखी एक व्यवहारी गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे. त्यामुळे जुन्या माहितीत वाचलेली कोणतीही किंमत धरून चालू नये. दुकानदाराकडे कराविना किंमत, कर आणि वाहतूक वेगवेगळी लिहून मागावी. आपल्या दीड लाखांतली संपूर्ण रक्कम शस्त्रावर संपवू नये, असे मी आग्रहाने सांगतो. चांगली तिजोरी, म्यान, स्वच्छतेचे साहित्य आणि सरावाची काडतुसे यांसाठी निदान पंचवीस-तीस हजार बाजूला ठेवावेत.

०.२२ चा विचार मी समजू शकतो. इशापूरचे 'निडर' हे आठ गोळ्यांचे, अवघ्या अडीचशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर आले तेव्हा त्याची किंमत कानपूरच्या शस्त्रांच्या निम्म्याहूनही कमी होती, आणि ०.२२ ची काडतुसे स्वस्त पडत असल्यामुळे सराव परवडतो. पण त्यात दोन अडचणी आहेत. ऊर्जा बत्तीसच्याही बरीच खाली, आखूड नळीत शंभर ज्यूलच्या आसपास किंवा त्याहून कमी. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे: ०.२२ च्या पुंगळीत पेट घेणारा मसाला मध्यभागी टोपीत नसून बुडाच्या कडेत पसरलेला असतो, आणि तो कडेत सगळीकडे सारखा पसरला नसेल तर नेमक्या त्या जागी घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणारा भाग, पडल्यावर काडतूस उडत नाही. मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसात हा प्रकार फार विरळा. ज्या शस्त्राकडून एका क्षणी एकदाच काम हवे आहे, त्यात ही जोखीम कशाला घ्यावी? जड पोलादी बत्तीस ज्यांच्या मनगटाला किंवा बोटाला झेपत नाही, त्यांच्यासाठी ०.२२ चा पर्याय जरूर आहे; आपल्याला तो लागू नसावा.

शेजारच्या गावातील आजोबांच्या रिव्हॉल्व्हरबद्दल मात्र सावध व्हा. पहिला प्रश्न ते चांगले आहे का हा नाही. ते आज कोणाच्या परवान्यावर आहे, हा आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे लागते आणि वारसाला ते हवे असेल तर त्याने स्वतःच्या नावे परवाना मागायचा असतो. ते नुसतेच घरात कपाटात पडून असेल तर ते कुटुंब अजाणता विनापरवाना शस्त्र बाळगत आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या गुन्ह्याला किमान दोन वर्षांची कैद आहे. तेव्हा ते पाहायला म्हणूनही घरी आणू नका, मोटारीत ठेवू नका. त्या कुटुंबाला आधी ते रीतसर जमा करण्यास सांगा. शस्त्र कोणाच्या तरी वैध परवान्यावर असेल तर खासगी विक्री कायद्याला मान्य आहे, पण विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. हातोहात व्यवहार होत नाही.

कागदपत्रे निर्दोष निघाली, तर मग तपासणी. शस्त्र रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी करावी आणि सहाही घरांत बोट लावून पुन्हा करावी. नंतर अंगठ्याने घोडा अगदी हळू मागे ओढावा आणि तो अडकण्याआधी चक्र जागेवर येऊन पक्के बसते का, हे सहाही घरांसाठी एकेक करून पाहावे. एका घरावरदेखील चक्र थोडे मागे राहत असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी तिरकी लागते आणि शिशाचे कण बाजूने उडतात. चाप दाबून धरून चक्र डावी-उजवीकडे हलवावे, मग पुढे-मागे. किंचित हालचाल चालते, खुळखुळा चालत नाही. नळी आणि चक्राच्या मधल्या फटीमागे उजेड धरून ती सगळीकडे सारखी आहे का ते पाहावे. वाकणाऱ्या रिव्हॉल्व्हरची नळी मुठीत धरून हलवल्यावर वरच्या कडीपाशी टक-टक जाणवली, तर ते शस्त्र कितीही देखणे असो, सोडून द्यावे, कारण ती झीज भरून काढणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. नळीच्या आत खड्डे, स्क्रूंच्या तोंडांवर ओरखडे, नव्याने चढवलेला चकचकीत काळा रंग, आणि क्रमांकाभोवती घासल्याच्या खुणा, यांपैकी काहीही दिसले तर नकार द्यावा. जुन्या नमुन्यांत घोड्याला अडवणारी सुरक्षा पट्टी नसू शकते. अशा शस्त्रात घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरण्याची रीत आहे, म्हणजे ते पडल्यास गोळी सुटत नाही. ही सगळी तपासणी नव्या शस्त्रालाही लावावी, कारण सरकारी कारखान्याचा शिक्का असला तरी प्रत्येक नग सारखा उतरतो असे नाही. दुकानदार घाई करू लागला तर दुकान बदलावे.

काडतुसे किती, याचे उत्तर आपल्या परवान्यावरच आहे: एका वेळी किती बाळगता येतील आणि वर्षात किती खरेदी करता येतील, हे दोन्ही आकडे त्यावर लिहिलेले असतात, आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. पहिल्याच खरेदीत एका वेळची मर्यादा पूर्ण वापरावी, त्यातली बरीचशी सरावात खर्च करावी आणि उरलेल्यांतली सहा भरण्यासाठी, सहा राखीव असे ठेवावे. वर्षाचा कोटा "वाचवून" ठेवणारे परवानाधारक मला अनेक भेटतात. त्यांच्याकडे हिरवट पुंगळ्यांचा साठा असतो आणि हाताला सराव नसतो. भरून ठेवलेली काडतुसे वर्षभराने सरावात संपवावीत आणि नवी भरावीत. काडतूस वाजले नाही तर नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे. आणि नेहमीच्या आवाजाऐवजी फुसका "फट" असा आवाज आला, तर पुढची गोळी कोणत्याही परिस्थितीत झाडू नये, कारण आधीची गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गेली की नळी फुगते किंवा फुटते. रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून देणारे लोक असतात. परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हाच आहे आणि अशा काडतुसांमुळेच हे फुसके आवाज येतात.

सराव मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या किंवा परवानगी मिळाल्यास पोलिसांच्या गोळीबार मैदानावरच करावा. आंब्याच्या बागेत नव्हे. सात-आठ मीटर अंतर पुरेसे आहे, आणि घोडा हाताने न ओढता केवळ चापाने गोळी झाडण्याचाच सराव करावा, कारण प्रसंगी तेच होणार. घरी रिकाम्या शस्त्राने, नकली काडतुसे घालून, रोज थोडा वेळ चाप ओढण्याचा सराव बत्तीसला चालतो, ०.२२ मध्ये मात्र रिकाम्या घरावर घोडा पडून घराची कड दबते, हे त्याविरुद्धचे आणखी एक कारण. शिशाची गोळी झाडल्यानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

आपल्या हवेत गंज हा खरा शत्रू आहे, आणि बहुतेक लोक त्याला चामड्याच्या म्यानातूनच घरी आणतात. चामडे ओल धरते, त्यातील कमावण्याची रसायने पोलादाला आणि पितळी पुंगळ्यांना खातात; चार महिन्यांच्या पावसात म्यानात ठेवलेल्या शस्त्रावर तांबूस ठिपके हमखास येतात. म्यान वापरा ते बाळगताना. घरी आल्यावर शस्त्र काढून, कोरड्या सुती कापडाने घामाचे डाग पुसून, शस्त्राच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन तिजोरीत ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात वरचेवर बदला. तेल जास्त झाले तर ते चक्राच्या घरात उतरून काडतुसाच्या टोपीत शिरते आणि काडतूस निकामी होते. म्हणून घरे आणि काडतुसे नेहमी कोरडी. नळीतला शिशाचा थर झाडल्याच्या दिवशीच पितळी ब्रशने काढावा. उद्यावर टाकला की ब्रश चौपट फिरवावा लागतो.

पंपाच्या टेबलाचा खण? नाही. ज्या आवारात आपण गिऱ्हाइकाला मोबाइल बंद ठेवायला सांगता, तिथे नळीच्या तोंडाशी जाळ काढणारे हत्यार हाताशी ठेवण्याचा विचारच सोडून द्यावा. पेट्रोलच्या वाफेजवळ झाडलेली गोळी लुटारूपेक्षा आपल्याच कामगारांना महागात पडेल. शिवाय खणाला लागलेले कुलूप कोणीही चमच्याने उघडतो. सुरक्षित साठवणुकीची हमी आपण अर्जासोबत लिहून दिलेली आहे, तेव्हा घरात भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की केलेली छोटी पोलादी तिजोरी घ्या; काडतुसे त्याच खोलीत पण वेगळ्या कुलपात ठेवा, आणि किल्ली घरातल्या मुलांच्या नजरेसमोर हाताळू नका. शस्त्र बाहेर निघेल ते रोकड नेण्याच्या वेळी, म्यानात, पूर्ण झाकलेले. लग्न, जत्रा, मिरवणूक, शाळा-महाविद्यालय अशा ठिकाणी ते नेऊ नये, आणि आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे; दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आपल्या पत्रात आपण सहज लिहिले आहे की कधी आपण जाता, कधी भाऊ. परवाना आपल्या नावाचा आहे, कुटुंबाचा नाही. ज्या दिवशी भाऊ रोकड नेईल त्या दिवशी रिव्हॉल्व्हर तिजोरीतच राहील, जोवर त्याचे नाव आपल्या परवान्यावर रिटेनर (परवानाधारकाच्या वतीने शस्त्र बाळगणारी व्यक्ती) म्हणून रीतसर नोंदले जात नाही किंवा तो स्वतःचा परवाना काढत नाही. खरेदीला जाण्याआधी रत्नागिरीच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील परवाना शाखेत तीन गोष्टी एकाच फेरीत विचारून घ्या: परवान्यावरची खरेदीची मुदत कधी संपते, परवाना फक्त जिल्ह्यापुरता आहे की राज्यभर चालतो, आणि भावाचे नाव नोंदवता येईल का. कोल्हापूर किंवा पुण्याहून शस्त्र आणताना दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लागेलच. शस्त्र घेतल्यावर ते मुदतीत दाखवून त्याचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्यावा; परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याच्या पुरेसा आधी द्यावा. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. तेव्हा जमा करताना क्रमांकासह पावती घ्या आणि परत घेताना, शक्यतो ठाण्यातच, वरची सगळी तपासणी पुन्हा करा, कारण महिना-दोन महिने पुसले न गेलेले शस्त्र गंजलेले परत येण्याची शक्यता असते.